लाल शिंगे

दप्तरात नाही

रांजणटाकळी हे तीर्थपुरीच्या बाजाराच्या वाटेवरचे गाव. पोळ्याला अजून बारा दिवस होते. महारवाड्यात झुंबरबाई दाराशी भाकरी थापत बसली होती. तिचा नवरा कचरू गायरानाकडून आला तो हसतच.

"अगं, आज मौज पाह्यली. सरकारी गोठ्यातल्या बैलांची शिंगं रंगवून राह्यले. लालभडक. बाराच्या बारा."

"आत्ताच? पोळ्याला टाइम हाय की."

"सरकारचा पोळा आदी. मंग रयतेचा."

कचरूची आई साळूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला कमी दिसायचे, पण ऐकू सगळे यायचे. "झुली घातल्या का रे?"

"न्हाई. नुसती शिंगं."

"चिकट मेले," म्हातारी म्हणाली.

सहा वर्षांच्या गोदीने दोन बोटे कपाळाला लावली आणि आजीच्या मांडीत डोके खुपसले. साळूबाईने तिची बोटे धरली, म्हणाली, "हा बैल माझा. ह्याला म्या रंगविणार."

गायरानात दोन महिन्यांपूर्वी पत्र्याचा गोठा उभा राहिला होता. भोवती काटेरी तार. जालना स्टेशनावरून गाड्यांतून खोकी आली, मागोमाग एक दारोगा आणि सुई टोचणारा एक डॉक्टर आला. आत काय चालते ते गावाला ठाऊक नव्हते. जनावरांच्या रोगावर नवे औषध बनते आहे, एवढेच पाटलाच्या तोंडून कळले होते.

दुसरी एक गोष्ट मात्र गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. ढोर मेले की ते महाराने ओढायचे. कोणाचे का असेना, कशाने का मेलेले असेना. कातडे मालकाचे, मांस महाराचे. हा महाराचा हक्क, असे गाव म्हणे. हा हक्क नको म्हणणाऱ्याला गावात राहता येत नसे.

झुंबरबाईच्या माहेरी, अंबडकडे, भावकीने बसून शपथ घेतली होती आणि मेलेल्या ढोराचे मांस सोडले होते. ती लहान असतानाची गोष्ट. सासरी येऊन नऊ वर्षे झाली तरी तिने त्याला तोंड लावले नव्हते. ती शिजवून द्यायची आणि स्वतः भाकरीबरोबर मिरची खायची. कचरू तिला चिडवायचा, "आमची बामनीण!"

दप्तरात आहे

*निगराणी कमिटी, बैठक तिसरी. मेहर १३५५ फसली, म्हणजे इंग्रजी १९४६ चा ऑगस्ट. पानाच्या माथ्यावर शिक्का: बसीगा-ए-राज.*

*१. औषधात ▬▬▬ आहे. मात्रा वाढवत न्यावी आणि जनावर किती सोसते ते पाहावे.*

*२. ▬▬▬ मेलेल्या जनावराच्या काळजात व आतड्यांत साठून राहते. शिजवल्याने जात नाही. सबब असे जनावर सहा हात खोल पुरावे, वर चुना टाकावा.*

*३. ओळख पटावी म्हणून चाचणीच्या जनावरांची शिंगे लाल रंगवावीत.*

*४. औषधात काय आहे ते गोठ्यावरील नोकरांस सांगू नये. बाहेर फुटल्यास दुसरे कारखानदार नक्कल करतील. शिवाय बैल मारले जातात असा गवगवा होऊन रयतेत बेदिली माजेल.*

*५. गैरसरकारी सभासद गिरिधरराव वकील यांनी रंगाबद्दल विचारले. खुलासा झाला.*

*६. सर्व सभासदांनी राजदारीची शपथ घेतली. फोडणारास दोन साल कैद, वकील असल्यास सनद जप्त.*

ज्या शब्दावर शाई ओतलेली आहे तो शब्द त्या खोलीत पाच माणसांनी ऐकला होता. इथेही तो तसाच झाकून ठेवला आहे. रांजणटाकळीला तो जेव्हा कळला, तेव्हाच तो इथे उघडेल.

दप्तरात नाही

पाचव्या कलमात जे 'रंगाबद्दल विचारले' आहे, ते असे घडले.

गिरिधरराव जालन्याच्या अदालतीत वकिली करत. रांजणटाकळीला त्यांची वडिलोपार्जित जमीन होती, म्हणून जिल्ह्यातला जाणता माणूस या नात्याने त्यांना कमिटीवर घेतले होते. जनावरांचे हाल होऊ नयेत आणि मेलेल्यांची विल्हेवाट नीट लागावी, हे पाहणे कमिटीचे काम. गिरिधरराव सुधारक होते. दर पोळ्याला गावी गेले की महारवाड्याच्या तोंडाशी उभे राहून सांगत: मुर्दाड मांस सोडा, मुले शिकवा, माणसासारखे राहा. लोक माना डोलावत.

त्या बैठकीत त्यांनी अडखळत्या उर्दूत विचारले, "जनाब, पोळा जवळ आहे. त्या दिवशी साऱ्या मुलुखातल्या बैलांची शिंगं लाल असतील. मग आपली ओळखायची कशी? दुसरा रंग..."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिले. "तो क्या हुआ, वकीलसाहेब? हमारे बैल भी ईद मना लेंगे."

सगळे हसले. गिरिधररावही हसले. कारकुनाने लिहिले: खुलासा झाला.

घरी आल्यावर प्रेमलाबाईंनी चहा पुढे ठेवला. "आज कसली बैठक होती?"

"आहे एक सरकारी काम. सांगता येत नाही."

"बायकोलाही?"

"बायकोला तर नाहीच." त्यांनी थट्टेवारी नेले. पण नवऱ्याने चहात साखर घातली नाही आणि तसाच पिऊन टाकला, हे प्रेमलाबाईंनी पाहिले.

दप्तरात नाही

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, करीला, गायरानातले दोन बैल सकाळीच आडवे झाले.

दारोग्याकडे 'पुरावे' असा हुकूम होता. का पुरावे, ते त्याला कोणी सांगितले नव्हते. गायरानाची जमीन दोन हातांवर मुरूम, खाली काळा दगड. सहा हात खणणार कोण? त्याने पाटलाला निरोप धाडला. रामराव पाटलांनी कचरूला बोलावले.

"कचरू, सरकारी ढोर पडलंय. वढ जल्दी."

"व्हय पाटील. पुरायचं म्हंत्यात की."

"पुर, न्हाई तर काय करायचं ते कर. कातडं तेवढं दारोग्याला बराबर दे."

कचरू आणि दोघे भाऊबंद दोर घेऊन गेले. बैल अंगाने भरलेले होते. शिंगे लाल. काल गावात अशाच शिंगांच्या बैलांना लोकांनी ओवाळले होते, पुरणपोळी भरवली होती. त्या रंगाकडे पाहून भ्यावे, असे कोणाच्या मनात येणार?

झुंबरबाईच्या मनात मात्र काहीतरी आले. एका दिवसात दोन बैल, तेही सुई टोचलेले. पोळ्यासाठी वकीलसाहेब गावी आलेले आहेत हे तिला ठाऊक होते. ती त्यांच्या घरासमोर गेली, ओसरीपासून सात पावलांवर उभी राहिली.

"वकीलसाहेब, गायरानातली दोन ढोरं पडली. आमचे मालक वढून आणून राह्यले."

गिरिधरराव पान लावत होते. सुपारी त्यांच्या हातातच राहिली. "खाऊ नका."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? किती वर्षं सांगतोय मी. मेलेल्या जनावराचं मांस माणसानं खाऊ नये."

"त्ये तुमी दर साली सांगता. म्या तर खातच न्हाई. म्या दुसरं इचारते. ह्या ढोरांला काही झाल्तं का?"

"पुरून टाका. वर चुना घाला."

"घालू. पर घरच्यांला काय सांगू? काय झाल्तं त्यांला?"

गिरिधररावांच्या डोळ्यांपुढे कागद आला, कागदावरचा शिक्का आला, सनद आली. त्यांनी सुपारी डब्यात टाकली, डबा बंद केला.

"ते सांगता येत नाही."

"म्हाईत न्हाई, का सांगता येत न्हाई?"

"एकच ते," गिरिधरराव म्हणाले.

झुंबरबाई माघारी फिरली.

महारवाड्यात वाटे घालणे सुरू झाले होते. तिने कचरूला बाजूला घेतले.

"वकीलसाहेब म्हंत्यात खाऊ नका. पुरा म्हंत्यात."

"आला का पुन्हा कीर्तनाला!" कचरू मोठ्याने म्हणाला आणि सगळे हसले. एका म्हाताऱ्याने वकीलसाहेबांची नक्कल केली, छाती काढून, एक हात पाठीमागे: "माणसासारखे राहा! माणसासारखे राहा!"

"अवं, ह्या खेपेला त्यांचं तोंड येगळं व्हतं."

"त्यांच्या तोंडाकडं बघून चूल इझवू का? कशानं मेलं म्हणाले का?"

"न्हाई. सांगता येत न्हाई म्हणाले."

"मंग? दर सालासारखंच की. मांस वाईट, मांस वाईट. काऊन वाईट, तर बामनाला आवडत न्हाई." कचरूने काळजाचा तुकडा वेगळा काढला. "हे म्हातारीला. तिला दात न्हाईत. गोदीला बी मऊ लागंल."

झुंबरबाईने चूल पेटवली. मनात शंका होती. पण शंकेला नाव नव्हते, आणि बिननावाची शंका घरात कोण ऐकून घेणार?

दिवस मावळायच्या आधी गिरिधररावांना ओसरीवरून महारवाड्यातला धूर दिसला. ते उठले. जोडे घातले. दोन पायऱ्या उतरले.

तिसऱ्या पायरीवर त्यांना वाटले, मी सांगितले आहे. खाऊ नका असे स्पष्ट सांगितले आहे. पुरा म्हणालो, चुना घाला म्हणालो. यापुढे माझ्याकडे काय राहिले? एक शब्द राहिला. तो तर शपथेत बांधलेला.

ते पायऱ्या चढून वर आले. जोडे काढून भिंतीशी नीट लावून ठेवले.

दप्तरात नाही

गोदीला पहाटे ओकाऱ्या सुरू झाल्या. घशात आग होते म्हणाली, पाणी मागितले, ते पोटात राहिले नाही. दुपारी आईच्या मांडीवर तिने प्राण सोडला. साळूबाई त्याच संध्याकाळी गेली. कचरू दोन दिवस तळमळला. पायांत गोळे येऊन तो धनुष्यासारखा वाकायचा. शेवटी शुद्धीवर असताना त्याने विचारले, "तू खाल्लं न्हाईस ना?"

"न्हाई."

"बामनीण," तो म्हणाला. हसायचा त्याचा बेत असावा.

महारवाड्यात आणखी चार माणसे गेली. नक्कल करणारा म्हातारा त्यांत होता.

दप्तरात आहे

*रांजणटाकळी. महारवाड्यात हैजा, म्हणजे पटकी. मयत सात. महारवाडा पंधरा दिवस बंद, कोणी वेशीत येऊ नये. चाचणीशी संबंध आढळत नाही. उरलेले बैल हलवावेत. कागद बसीगा-ए-राज ठेवावेत.*

*सभासदांच्या सह्या: पाच.*

पाचवी सही सुंदर वळणदार मोडीत आहे. गिरिधर.

दप्तरात नाही

वेस उघडल्यावर झुंबरबाई पायी जालन्याला गेली. विचारत विचारत वकिलांच्या दारी पोचली. प्रेमलाबाई बाहेर आल्या. मागोमाग गिरिधरराव आले.

"वकीलसाहेब, सरकार म्हंतंय हैजा. हैजा असता तर मला काऊन झाला न्हाई? पाणी म्या बी त्याच विहिरीचं पेले. ओकाऱ्या म्या ह्या हातानं काढल्या. फक्त त्ये मांस म्या खाल्लं न्हाई."

झुंबरबाईने पदराने तोंड पुसले.

"तुमी त्या कमिटीत हायेत. पाटलानं सांगितलं. त्या बैलांत काय व्हतं?"

"बाई, ते कागद राजमध्ये आहेत."

"राजात तर आमी बी हाओत. समदेच हाओत."

"तसं राज नव्हे. उर्दूत राज म्हणजे गुपित."

झुंबरबाईने ते ऐकले आणि मान हलवली. "आमाला वाटायचं राज म्हंजे राज्य. दोन्ही एकच निघालं की वो."

ती गेली. प्रेमलाबाई दारातच उभ्या होत्या. एकच म्हणाल्या, "अहो, त्या बाईला उत्तर देता येत नसेल, तर यापुढे गावात उभं राहून उपदेश करू नका."

पुढचे दोन पोळे गिरिधरराव गावी गेले नाहीत.

दप्तरात आहे

*अर्जदार गिरिधरराव वकील यांस. सन १९४८. आपण मागितलेले कागद गोपनीय असल्याने उघडता येत नाहीत. राज्यकारभार बदलला असला तरी मागील कारभारातील गोपनीय कागदांस नियम पूर्ववत लागू आहेत. आपली शपथही लागू आहे.*

शिक्का नवा, शाई नवी.

दप्तरात नाही

निजामाचे राज्य जाऊन अडीच महिने झाले होते. रांजणटाकळीच्या चावडीवर नवे निशाण लागले होते. आणि रामराव पाटलांचा बैल मेला होता.

पाटलांनी महारवाड्यात सांगावा धाडला. कोणी आले नाही. दुसऱ्यांदा धाडला. तेव्हा झुंबरबाई आली. मागे महारवाड्यातल्या बायका, त्यांच्या मागे बाप्ये. झुंबरबाईच्या खांद्यावर कचरूचा दोर होता.

"चला, जल्दी करा," रामराव म्हणाले. "दुपारपस्तोर वास सुटंल."

"आदी सांगा, कशानं मेला."

"आँ?"

"बैल कशानं मेला, त्ये चावडीवर समद्यांपुढं सांगा. मंग हात लावू."

"मला काय ठाऊक? मेला म्हंजे मेला. ढोर काय सांगून मरतंय व्हय?"

"मंग ठाऊक करून घ्या. आमी बसतो."

आणि ते सगळे चावडीसमोर मातीत बसले. पाटील ओरडले. विहीर बंद करीन म्हणाले, घरावर नांगर फिरवीन म्हणाले. एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "पाटील, हैज्याच्या टायमाला बी विहीर बंद केल्ती. मेलेलं काही उठलं न्हाई."

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी गावात नाकाला पदर लावल्याशिवाय बाई दिसेना. पाटलांनी गाडी जुंपून जालन्याला पाठवली आणि गिरिधररावांना आणवले. वकील सुधारक आहेत, महारवाडा त्यांचे ऐकेल, असा त्यांचा हिशोब.

"समजवा वकीलसाहेब. राज बदललं म्हणून काय ढोर वढायचंच न्हाई? तुमीच सांगा कायदा."

गिरिधरराव चावडीच्या पायरीवर उभे राहिले. समोर तीच माणसे बसली होती, ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षे उपदेश केला होता. त्यांच्यातली सात कमी होती. झुंबरबाई पुढे होती. वेशीजवळ बैल पडला होता. पोळ्याचा लाल रंग त्याच्या शिंगांवर अजून थोडा राहिला होता.

"इचारते तेवढंच सांगा," झुंबरबाई म्हणाली. "दुसरं काही नगं."

गिरिधररावांच्या खिशात ते नवे पत्र होते. ते त्यांनी बाहेर काढले नाही.

"ह्या बैलाचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "त्या बैलांचं माहीत आहे. त्यांना रोज सोमल देत होते."



"सोमल?" झुंबरबाईने विचारले. "उंदराला घालत्यात त्यो?"

"तोच. काळजात साठतो. शिजवून जात नाही. कमिटीला ठाऊक होतं. शिंगं त्यासाठीच रंगवली होती."

"इख हाय म्हणून सांगायला?"

"हो."

मागच्या बायकांतून एक हुंदका आला आणि तिथेच थांबला. रामराव पुढे झाले, हळू आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, काय बोलून राह्यले? सनद जाईल तुमची."

"जाईल," गिरिधरराव म्हणाले.

झुंबरबाई उठून उभी राहिली.

"करीच्या दिवशी, म्या तुमच्या ओसरीखाली हुभी व्हते. तवा तुमाला म्हाईत व्हतं?"

"होतं."

"म्या इचारलं व्हतं, म्हाईत न्हाई का सांगता येत न्हाई."

"हो."

"सोमल," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, जिभेवर घोळवून, "सोमल. केवढासा शब्द वो. गोदीला बी म्हनता आला असता."

गिरिधररावांनी तोंड उघडले. क्षमा मागायची होती त्यांना. ती थांबलीच नाही. ती पाटलांकडे वळली.

"आता तुमच्या बैलाचं सांगा."

रामराव पाटील इकडेतिकडे पाहू लागले. त्यांना खरेच ठाऊक नव्हते. आजवर ठाऊक असायची गरजच पडली नव्हती.

झुंबरबाईने खांद्यावरचा दोर काढला. नीट गुंडाळला आणि चावडीच्या पायरीवर, दोघांच्या मधोमध ठेवला.

"हा मालकाचा दोर. आमच्या घरात आता ह्याला काम न्हाई."

ती निघाली. मागे बायका, त्यांच्या मागे बाप्ये. कोणी घाई केली नाही. महारवाड्याच्या वळणावर शेवटचा माणूस दिसेनासा झाला तेव्हा वाऱ्याची दिशा बदलली आणि बैलाचा वास चावडीत शिरला.

दोर पायरीवर पडून होता. तो उचलायला गावात हात पुष्कळ होते.